शाळेत गणवेश सुरू करावा का? पालक-शिक्षक संघाला मत कळवण्यापूर्वी अनुभव हवे आहेत

कर्वेनगरची पालक

नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेत चौथीत शिकते. ही शाळा सुरू झाल्यापासून तिथे गणवेश नाही. मुलांनी स्वच्छ, साधे आणि मैदानावर पळता येईल असे कपडे घालून यावे, एवढीच अपेक्षा असते. आता येत्या जूनपासून पहिली ते सातवीच्या सर्व मुलांना गणवेश असावा, असा प्रस्ताव संस्थेने मांडला आहे आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडून त्यावर लेखी मत मागवले आहे. मी त्या समितीची सदस्य आहे.

प्रस्तावात मुख्य कारण समानतेचे दिले आहे आणि ते मला पोकळ वाटत नाही. आमच्या वर्गात शिक्षण हक्क कायद्यानुसार २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेली मुले आहेत. त्यांतील एका मुलीची आई आमच्याच परिसरातील सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्यांची कामे करते. ती मुलगी दोन फ्रॉक आलटूनपालटून घालते, आणि "तुझ्याकडे दुसरे कपडे नाहीत का?" असे तिला मधल्या सुट्टीत विचारले गेल्याचे माझ्या मुलीने घरी येऊन सांगितले. एवढ्या लहान मुलीला हा प्रश्न ऐकावा लागतो याचे मला फार वाईट वाटले आणि मी मनाने गणवेशाच्या बाजूची झाले.

त्यानंतर संस्थेने एका पुरवठादाराचे दरपत्रक समितीला दाखवले. नेहमीचे दोन संच, खेळाच्या तासासाठी वेगळा संच, काळे बूट, पांढरे बूट, मोजे, पट्टा आणि स्वेटर मिळून एका मुलामागे सुमारे सहा हजार रुपये होतात, आणि कापड खास चौकडीचे असल्यामुळे ते फक्त त्याच दुकानात मिळेल. ज्या मुलीचा अवघडलेपणा दूर व्हावा म्हणून आपण गणवेश आणणार, तिच्याच आईने ही रक्कम कुठून उभी करायची, याचे उत्तर प्रस्तावात नाही.

गणवेशामुळे मुलांमधला भेद खरोखर कमी होतो का, अभ्यासावर आणि वागण्यावर त्याचा परिणाम होतो का, आणि आणायचाच ठरला तर कोणत्या अटींचा आग्रह धरावा, याबद्दल ज्यांनी हा विषय जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त मुख्याध्यापिका, हडपसर

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले आणि माझे बहुतेक विद्यार्थी मजुरी करणाऱ्या घरांतले होते. माझे मत गणवेशाच्या बाजूचे आहे, मात्र ते एका अटीवर आहे, आणि ती अट मला गणवेशाहून महत्त्वाची वाटते. गणवेश नाही या कारणासाठी एकाही मुलाला वर्गाबाहेर, प्रार्थनेच्या रांगेबाहेर किंवा घरी ठेवले जाऊ नये.

हे मी ठामपणे सांगते, कारण गणवेश जसा गरिबी झाकतो तसा तो ती उघडीही पाडतो. रंगीत कपड्यांच्या शाळेत जुना फ्रॉक पन्नास रंगांत मिसळून जाऊ शकतो, पण सगळे निळ्या-पांढऱ्यात उभे असताना एकच मूल हिरव्या शर्टात आले तर ते फाटकापासूनच दिसते. जुलैच्या झडीत एका खोलीच्या घरात कपडे वाळत नाहीत. दुसरा संच नसलेले मूल ओला शर्ट घालून येते किंवा "पोट दुखते" असे सांगून घरी राहते. हजेरीपटावर अशी अनुपस्थिती आजारपण म्हणून नोंदली जाते, परंतु त्यातील कितीतरी दिवस कपड्यांचे असतात, हे शिक्षकाला मुलाच्या घरी गेल्यावरच समजते. म्हणून दोन संच ही चैन मानू नये. समग्र शिक्षा योजनेत शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पात्र मुलांना वर्षाला दोन संचच धरलेले आहेत आणि त्यासाठी प्रत्येक मुलामागे ६०० रुपयांची मर्यादा आहे. ही रक्कम आजच्या बाजारभावात अपुरी आहे, हे मला मान्य आहे. तरीही तुमच्या दरपत्रकातील सहा हजारांशेजारी ती ठेवून पाहावी.

राज्यात अलीकडे जे घडले तेही समितीपुढे ठेवावे. २०२३ मध्ये "एक राज्य, एक गणवेश" हे धोरण जाहीर झाले, आणि २०२४-२५ मध्ये कापड एकत्रितपणे घेऊन महिला बचत गटांकडून शिवून घेण्याची व्यवस्था करण्यात आली. महिलांना काम मिळावे हा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मापे जुळली नाहीत, आणि १५ ऑगस्टचे झेंडावंदन झाले तरी अनेक शाळांमध्ये गणवेश पोहोचले नव्हते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ही खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. मुलाचे माप माहीत असलेल्या माणसांपासून गणवेशाचा निर्णय जितका दूर जातो, तितका तो मुलाच्या अंगाला बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने २०१० मध्ये जे आदर्श नियम केले, त्यांत खासगी शाळांतील राखीव जागांवरील मुलांनाही मोफत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मिळण्याचा हक्क आहे. आज तुमच्या शाळेत गणवेशच नसल्यामुळे हा मुद्दा आला नसेल. तो प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वी लेखी स्वरूपात निकालात काढून घ्यावा, नंतर नव्हे.

औंधचे पालक

बाईंनी मांडलेली अट मला पूर्णपणे मान्य आहे. माझे मत मात्र गणवेशाच्या विरोधात आहे, आणि त्याची कारणे सविस्तर लिहितो.

शिस्त आणि अभ्यास सुधारतो हा दावा सर्वांत जास्त केला जातो आणि त्यालाच सर्वांत कमी आधार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच या शहराने १९९४ मध्ये आपल्या शाळांमध्ये आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला आणि त्यानंतर भांडणे व गुन्हे घटल्याचे जाहीर केले, तेव्हा इतर अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. परंतु त्याच काळात तिथे सुरक्षेचे इतर उपायही झाले होते, त्यामुळे नेमके श्रेय कशाला द्यायचे हे ठरवणे कठीण होते. पुढे १९९८ मध्ये ब्रन्समा आणि रॉकेमोर या समाजशास्त्रज्ञांनी देशभरातील दहावीच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा हजेरी, वर्तन किंवा व्यसने यांवर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे हे मान्य करूनही, "गणवेशाने शिस्त येते" असे वाक्य संस्थेच्या प्रस्तावात असेल तर त्याचा आधार मागण्याचा समितीला अधिकार आहे.

दुसरा मुद्दा मुलींचा आहे आणि तो मला अधिक जवळचा आहे. माझी मुलगी आधीच्या शाळेत पिनाफोर, म्हणजे शर्टावरचा बिनबाह्यांचा फ्रॉक, घालत असे. पाचवीनंतर ती मधल्या सुट्टीत पळेनाशी झाली, कारण उडी मारताना, खाली बसताना, झोपाळ्यावर चढताना सतत कपडे सावरावे लागत. २०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी १३५ देशांतील ५ ते १७ या वयोगटातील दहा लाखांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. ज्या देशांत बहुतेक शाळांत गणवेश असतो, तिथे रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी आढळले, आणि प्राथमिक वयात मुलगे व मुली यांच्यातले अंतरही जास्त दिसले. यावरून गणवेश हेच कारण आहे असे सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. तरीही स्कर्ट घालणाऱ्या मुलीच्या वडिलांना यात नवल वाटणार नाही. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील प्राथमिक शाळेने मुलगे आणि मुली दोघांनाही शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची पँट असा एकच गणवेश दिला, त्याचे मला फार कौतुक वाटते. तुमच्या प्रस्तावात मुलींसाठी काय आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही.

नियम लिहिताना डोक्यावरचा पटका, ओढणी किंवा हिजाब, पूर्ण बाह्या, अंगावरची धार्मिक खूण यांबाबत काय भूमिका असेल तेही आधीच स्पष्ट करावे. कर्नाटकातील हिजाबच्या वादावर मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली. त्या काळात मुलींचे शिक्षण अडले. ज्या शाळेत आज कोणी कोणाला हे विचारत नाही, तिथे गणवेशाच्या निमित्ताने तो प्रश्न निर्माण होऊ नये.

आणि ज्या मुलीचे उदाहरण तुम्ही दिले, तिच्याबाबतीत माझे प्रामाणिक मत असे आहे की तिला प्रश्न विचारणाऱ्या मुलांशी बोलणे हे शाळेचे काम आहे. कपडे सारखे केले तरी दप्तर, पाण्याची बाटली, डबा आणि बूट यांतून तोच प्रश्न पुन्हा येईल.

धायरीची आई

औंधच्या पालकांचे मुद्दे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु सकाळी सव्वासहाला दोन मुलांना तयार करून शाळेच्या व्हॅनमध्ये बसवणाऱ्या घराची बाजूही नोंदवली जावी, म्हणून लिहिते. माझी मुले आधी रंगीत कपड्यांच्या शाळेत होती आणि आता गणवेशाच्या शाळेत आहेत. पूर्वी मोठीशी रोज कपड्यांवरून वाद होत असे आणि वर्षभरात तिच्या कपड्यांवर होणारा खर्चही कमी नव्हता, कारण तेच कपडे शाळेत आणि बाहेर वापरल्याने लवकर विटत. आता तो वाद पूर्णपणे थांबला आहे. सहलीला सिंहगडावर किंवा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गर्दीत मुले नेताना एका रंगामुळे शिक्षकांना किती आधार वाटतो, हे मी स्वयंसेवक पालक म्हणून सोबत गेले तेव्हा पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र गणवेशाच्या शाळेतही सुटत नाही, ती म्हणजे वाढदिवस. त्या दिवशी रंगीत कपडे घालायची परवानगी असते आणि वर्गात काहीतरी वाटायचे असते, त्यामुळे वर्षभर झाकलेले अंतर त्या एका दिवशी सर्वांसमोर येते. आमच्या शाळेने पालकांच्या विनंतीवरून वस्तू वाटणे बंद केले आणि त्याऐवजी मुलाने वर्गाच्या ग्रंथालयातले एक पुस्तक निवडून त्यातला उतारा वाचून दाखवावा असे ठरवले. गणवेश आणणार असाल तर याचाही विचार त्याच बैठकीत करावा.

गणवेश व्यावसायिक, रविवार पेठ

ताई, मी या व्यवसायात आहे, त्यामुळे माझे हितसंबंध यात आहेत हे आधीच सांगतो. तुम्ही लिहिलेल्या दरपत्रकात जी अडचण आहे ती कापडाच्या निवडीत आहे, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगणे मला आवश्यक वाटते.

खास चौकडीचे कापड म्हणजे त्या शाळेसाठी वेगळे विणून घेतलेले कापड. गिरणी असे कापड ठरावीक प्रमाणापेक्षा कमी विणून देत नाही. दुकानदाराला ते सगळे एकदम उचलावे लागते, वर्षभर पैसे अडकतात आणि उरलेला माल दुसऱ्या कोणत्याही शाळेला चालत नाही. तो धोका तो किमतीत धरतो, आणि बाजारात दुसरीकडे ते कापड मिळत नसल्यामुळे पालकाला पर्याय राहत नाही. याउलट आकाशी, पांढरा, गडद निळा किंवा राखाडी असा सरळ एकरंगी गणवेश ठरवला तर तो लक्ष्मी रस्त्यावर, पिंपरीच्या बाजारात, उपनगरातल्या कोणत्याही दुकानात तयार मिळतो, कारण सोलापूरचे कारखाने हे रंग सर्व मापांत बाराही महिने शिवत असतात. शाळेची ओळख हवी असेल तर बोधचिन्ह शर्टावर भरतकामाने काढून घेऊ नका. वेगळा कापडी बिल्ला करा, शाळेने तो अल्प किमतीत द्यावा आणि पालकाने खिशावर टाचून घ्यावा. शर्ट लहान झाला की बिल्ला उसवून नव्या शर्टावर लावता येतो. एवढ्या एका बदलाने एकाच दुकानाची सक्ती संपते.

कापडाचे मिश्रण दरपत्रकात लिहून मागा. पॉलिस्टर जास्त असेल तर रंग टिकतो, इस्त्री कमी लागते आणि पावसाळ्यात लवकर वाळते, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात मुलांना घाम येतो आणि काहींच्या मानेला पुरळ उठते. शुद्ध सुती कापड अंगाला सर्वांत चांगले, पण ते आटते, चुरगळते आणि त्याचा रंग लवकर उतरतो. पुण्याच्या हवेत शर्टासाठी निम्म्याच्या आसपास सूत असलेले मिश्रण मला योग्य वाटते. खालच्या कपड्यासाठी पॉलिस्टर-व्हिस्कोस चालते, कारण ते गुडघ्यावर लवकर विरत नाही.

शिलाईबाबत दोन गोष्टी पाहा. पँटच्या आणि बाह्यांच्या दुमडीत किमान दीड इंच आणि बाजूच्या शिवणीत पुरेशी माया सोडलेली असावी. लहान मुले वर्षात सहज एक माप ओलांडतात, आणि माया असेल तर तोच कपडा उसवून दुसऱ्या वर्षी चालतो. स्वस्त तयार कपड्यात पैसे वाचवले जातात ते नेमके इथेच. दुसरे म्हणजे कमरेला मागच्या बाजूने इलॅस्टिक घ्या.

खेळाचा वेगळा संच आणि दोन प्रकारचे बूट हे मला व्यवसायात असूनही अनावश्यक वाटतात. अनेक शाळांनी आता टी-शर्ट आणि ट्रॅक पँट हाच नेहमीचा गणवेश केला आहे. तो मुलग्यांना आणि मुलींना सारखाच असतो, त्यात पळता येते आणि खर्च निम्म्याहून खाली येतो. वेळेचेही लक्षात ठेवा. जूनसाठीची मागणी फेब्रुवारी-मार्चमध्ये नोंदवली तर मापे बदलून घ्यायला वेळ मिळतो. मे महिन्यात ठरवले तर मिळेल ते घ्यावे लागते.

औंधचे पालक

रविवार पेठेतील व्यावसायिकांच्या माहितीला कायद्याची जोड देतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या संलग्न शाळांना पुस्तके, वह्या आणि गणवेश शाळेतूनच किंवा ठरावीक विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती करू नये असे परिपत्रक काढले होते. तुमची शाळा त्या मंडळाची नसली तरी राज्य शासनानेही अशी सक्ती नको अशा सूचना वेळोवेळी दिल्या आहेत. उत्तर प्रदेशात २०१८ च्या कायद्याने गणवेश सलग पाच वर्षे बदलता येत नाही. ब्रिटनमध्येही २०२१ मध्ये गणवेशाचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी संसदेने कायदा केला आणि त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांत बोधचिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवण्यास सांगितले. म्हणजे एकाच दुकानाचा प्रश्न फक्त आपला नाही आणि त्यावर उपाय आहेत. माझा विरोध कायम आहे, परंतु बहुमत गणवेशाच्या बाजूने गेले तर पाच वर्षे बदल नको ही अट आपल्या मतपत्रात जरूर असावी.

कर्वेनगरची पालक

सर्वांचे मनापासून आभार. बाईंचे उत्तर मी समितीतल्या इतर सदस्यांनाही वाचून दाखवले.

आता माझे मत असे तयार झाले आहे की सध्याचा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये आणि तो फेटाळूनही लावू नये. एकरंगी टी-शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट, मुलगे-मुलींना सारखी. बिल्ला शाळेचा, कपडे कुठल्याही दुकानातले. बूट घरी असतील ते. गणवेश नसल्यास कोणालाही कधीही अडवायचे नाही. डोके झाकणे, पूर्ण बाह्या यांना मोकळीक. आणि पाच वर्षे बदल नाही, अशी दुरुस्ती मी मांडणार आहे. राखीव जागांवरील मुलांचे दोन्ही संच शाळेने द्यावेत, हे त्यात पहिल्या क्रमांकावर असेल. ही दुरुस्ती मान्य झाली नाही तर मी प्रस्तावाच्या विरोधात मत देईन. औंधच्या पालकांचे एक म्हणणे मात्र दोन्ही परिस्थितींत लागू आहे असे मला वाटते. ज्या मुलांनी त्या मुलीला प्रश्न विचारला त्यांच्याशी वर्गशिक्षिकेने बोलावे, अशी विनंती मी आजच केली आहे. त्या मुलांत माझ्या मैत्रिणीची मुलगीही आहे, म्हणून हे बोलणे कोणाला कमी लेखण्याचे नसून समजावण्याचे असावे, असेही कळवले आहे.

एक शेवटचा प्रश्न आहे. लहान झालेले चांगले गणवेश गरजू मुलांना द्यावेत अशी सूचना समितीत आली आहे. ती चांगली वाटते, परंतु "दिलेला गणवेश" म्हणून मुलांना पुन्हा ओळखले जाईल अशी भीती वाटते. हे कसे करावे?

निवृत्त मुख्याध्यापिका, हडपसर

"गरजू" हा शब्द सूचनेतून काढून टाका. निकालाच्या दिवशी, म्हणजे साधारण १ मेच्या सुमारास सर्व पालक शाळेत येतातच. त्या दिवशी एका वर्गात मापांप्रमाणे टेबले मांडावीत आणि प्रत्येक पालकाने लहान झालेला गणवेश, धुऊन आणि बिल्ला काढून, आणून ठेवावा व मोठ्या मापाचा घेऊन जावा. ज्यांच्याकडे आणायला काही नसेल त्यांनीही न्यावा; नोंदवही ठेवू नये आणि दारात कोणी मोजणाराही नसावा. सुरुवात समितीच्या सदस्यांनी स्वतःच्या मुलांसाठी तिथून कपडे घेऊन करावी. आमच्या शाळेत शिक्षकांनी आपल्या मुलांसाठी तिथले शर्ट नेले, त्यानंतर इतर पालकांनी कधी संकोच केला नाही. शिवणीत माया असलेले कपडे यासाठी फार उपयोगी पडतात, तेव्हा रविवार पेठेच्या भाऊंनी सांगितलेली दीड इंचाची अट दरपत्रकात लिहायला विसरू नका.